रक्तातला आकडा

तेजस्वी शिवगणला चार वर्षं फिट आली नव्हती. आली ती नेमकी कॉलेजच्या ऑफिसात, प्रवेशाच्या खिडकीमागे बसलेली असताना, समोर फॉर्म घेऊन पन्नास-साठ मुलं उभी असताना. शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर कुशीवर झोपवलेली होती, ओठ आतून फाटला होता, आणि कुणीतरी तिच्या नाकाशी कांदा धरला होता. पहिलं वाक्य ती बोलली ते, "तो कांदा काढा आधी."

तेजस्वी एकोणतीस वर्षांची. कॉलेजात कंत्राटी कारकून. चौदाव्या वर्षी पहिली फिट आली तेव्हापासून फेनिटोइनची गोळी तिच्या मागे लागली ती लागलीच. सकाळी एक, रात्री दोन. गोळी घेणं तिच्यासाठी दात घासण्यासारखं होतं, त्यात विसरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पंधरा वर्षांत ती गोळ्या विसरली असेल ती तीनदा, आणि तिन्ही तारखा तिच्या लक्षात होत्या.

वडील भिकाजी शिवगण एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासण्यात गेलेली. माणूस प्रेमळ, पण समोरचा सांगतो ते आधी खोटं धरायचं आणि मग खात्री करायची, ही सवय अंगात मुरलेली. आई विमला शांत. घर रत्नागिरीत नाचणे भागात, स्वतःचं, तीन खोल्यांचं.

पुढच्या शनिवारी भिकाजी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मेंदूचे डॉक्टर कोल्हापूरचे, महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी रत्नागिरीत येत. त्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायला सांगितलं. सकाळची गोळी घेण्याआधी, उपाशीपोटी रक्त द्यायचं. ते पुढे मुंबईला जातं आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो. रक्तात औषध दहा ते वीसच्या मध्ये असायला हवं. तेजस्वीचं आलं पाच पूर्णांक आठ.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला आणि गोळ्या चुकतात का, असं विचारलं. तेजस्वी नाही म्हणाली. डॉक्टरांनी भिकाजींकडे पाहिलं. भिकाजींनी तेजस्वीकडे पाहिलं. आपण खोलीतच नसल्यासारखं हे दोघे आपल्याबद्दल नजरेनंच काहीतरी ठरवून मोकळे झाले, हे तिला कळलं. डॉक्टर तसे वाईट नव्हते. ते म्हणाले, बरं वाटायला लागलं की पेशंट गोळ्या सोडतात, चार वर्षं फिट आली नाही की कुणालाही वाटतं आता गरज नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. ती पुन्हा म्हणाली की चुकल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, औषध नियमित घेण्याची समज दिली.

ते वाक्य तिला त्या फाटलेल्या ओठापेक्षा जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून घरात तपासणी सुरू झाली. भिकाजींनी गोळ्यांची पट्टी आपल्या कपाटात ठेवली. सकाळी साडेसातला आणि रात्री नऊला ते गोळी स्वतः काढून तिच्या तळहातावर ठेवत आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहत. गिळली की म्हणत, "तोंड उघड. जीभ वर कर बघू."

पहिल्या दिवशी ती हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली की बाबा, मी एकोणतीस वर्षांची आहे. त्यावर भिकाजी म्हणाले की वय बघून मी कधी कुणाला सोडलं नाही. दहाव्या दिवशी ती काहीही न बोलता तोंड उघडून जीभ वर करायला शिकली, आणि आपण ते शिकलो याचाच तिला जास्त संताप आला.

गोळीबरोबर आणखी एक गोष्ट ते तिला देत. मार्चपासून ती जिल्हा परिषदेच्या भरतीचा अभ्यास करत होती आणि वाचलेलं लक्षात राहत नाही अशी तक्रार एकदा जेवताना तिनं केली होती. दुसऱ्याच दिवशी भिकाजी बाजारातून शंखपुष्पीचं सरबत घेऊन आले. झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही, बुद्धीला चांगलं, असं त्यांना कुणीसं सांगितलेलं. दोन चमचे सकाळी, दोन चमचे रात्री. तेजस्वीला त्याची चव आवडत नसे, गुळमट आणि घशाला चिकटणारी. पण बापानं एवढ्या हौसेनं आणलेलं, म्हणून ती घेई. संपली की नवी बाटली येई.

कॉलेजात प्राचार्यांनी तिला खिडकीवरून उठवून जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलं. तिच्याच भल्यासाठी, असं ते म्हणाले. खोलीत एक पंखा होता, तोही फाइली उडतात म्हणून बंद ठेवावा लागे. बाजूच्या टेबलावरची बाई सहानुभूतीनं म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेत जा गो." तेजस्वीनं विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं. बाईंनी सांगितलं की तुझे बाबाच आले होते सरांना भेटायला, आता मी स्वतः लक्ष घालतोय, काळजी करू नका, असं सांगून गेले.

घरी आल्यावर तिनं भिकाजींना विचारलं की आणखी कुणाकुणाला सांगितलंय. त्यांनी लपवाछपवी केली नाही. पावस गावी आत्याला सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं, मुंबईला मामाला फोन झाला होता. लपवून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. ती जेवली नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा फिट आली, सकाळी न्हाणीघरात. कपाळाला खोक पडली, तीन टाके. पुन्हा रक्त दिलं. या वेळी आकडा आला सहा पूर्णांक चार.

भिकाजी डॉक्टरांसमोर प्रथमच गोंधळलेले दिसले. त्यांनी शपथेवर सांगितलं की एकही गोळी चुकलेली नाही, माझ्या डोळ्यांदेखत घेते. तेजस्वीला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल की मग ही पहिल्यापासून खरं बोलत होती. कुणी म्हणालं नाही. डॉक्टरांनी उलट्या होतात का विचारलं, मग काहींचं शरीर औषध लवकर संपवतं असं म्हणाले आणि गोळ्या वाढवल्या. सकाळी दोन, रात्री दोन. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. बाहेर तीस पेशंट ताटकळत बसले होते.

बाहेर आल्यावर रिक्षात भिकाजी हळूच म्हणाले, "मी झोपल्यावर ओकून टाकत नायस ना गो?"

तिनं रिक्षा थांबवायला सांगितली आणि माळनाक्यापासून घरापर्यंत पावसातून चालत गेली.

तिसऱ्या तपासणीच्या वेळी भिकाजी गावी होते. लावणीचे दिवस, पालीच्या बाजूला त्यांचं थोडं भाताचं शेत, माणसं मिळत नव्हती म्हणून ते स्वतः गेले. जाताना विमलाबाईंना गोळ्यांची आणि सरबताची सगळी वेळापत्रकं समजावून गेले. तेजस्वी पहिल्यांदा एकटी लॅबमध्ये गेली.

लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या मालिनीताई पन्नाशीच्या. हात हलका, बोलणं रोखठोक. त्यांनी तेजस्वीपुढे एक कागद सरकवला. मागच्या दोन्ही वेळी तो भिकाजींनीच भरला होता, ती बाही वर करून बसलेली असताना. तिनं नाव, वय, शेवटची गोळी किती वाजता, हे लिहिलं. शेवटचा रकाना होता, इतर चालू औषधं. तिनं तिथे रेघ मारली.

मालिनीताईंनी कागद उचलला, मागचे दोन आकडे बघितले आणि तिच्याकडे पाहिलं. त्या आता काय विचारणार हे तिला पाठ होतं. ती आधीच म्हणाली, "गोळ्या घेते मी. रोज. कुणी विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू."

"मी कुठे म्हटलं घेत नाहीस," मालिनीताई म्हणाल्या. "मी विचारतेय, त्याबरोबर आणखी काय घेतेस?"

तिनं सांगितलं, काही नाही. ॲसिडिटीचं? नाही. व्हिटॅमिन? नाही. काढा, चूर्ण, आयुर्वेदिक काही?

"ते स्मरणशक्तीचं सरबत आहे फक्त. शंखपुष्पीचं. ते काही औषध नाही."

मालिनीताईंनी पेन तिच्या हातात परत दिलं आणि लिही म्हणाल्या. कधीपासून घेतेस, किती चमचे, सगळं लिही. त्यांनी पूर्वी असा एक पेशंट पाहिला होता, डॉक्टरांनी तेव्हा त्यांना सांगितलं होतं की काही जणांच्या रक्तात त्या वनस्पतीमुळे या गोळीचं प्रमाण उतरल्याच्या नोंदी आहेत. आपण डॉक्टर नाही, असंही त्या म्हणाल्या. पण डॉक्टरांना फोन कर आणि हे आधी सांग.

तेजस्वी लॅबच्या बाहेरच्या बाकावर बसली. मार्च, एप्रिल, मे. फिट जूनमध्ये. तिनं बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हसू, आणि तेही असं की बाजूच्या म्हाताऱ्यानं जागा बदलली. पाच महिने आपण ते गुळमट पाणी प्यायलो ते केवळ बापाचं मन मोडायला नको म्हणून. सांगितलेलं ऐकलं म्हणून फिट आली, आणि सांगितलेलं ऐकत नाही म्हणून गावभर नाव झालं.

डॉक्टरांचा फोन लागला तो संध्याकाळी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. सरबत आजपासून बंद. गोळ्या सध्या तशाच ठेवा, येत्या शनिवारी मी आहेच, तेव्हा रिपोर्ट बघून ठरवू.

रात्री भिकाजी गावाहून आले. पायाला चिखल, नखांत चिखल. तिनं त्यांना ओट्यावरच सांगितलं, एकही शब्द न वाढवता. ते ऐकत राहिले. मग आत गेले, बाटली घेऊन आले, तिच्यावरचा बारीक मजकूर दिव्याखाली धरून वाचू लागले. त्यात या गोळीचं नाव कुठेच नव्हतं.

"ह्याच्यावर तर काय लिहिलेला नाय," ते म्हणाले.

"बाबा, दोन महिने तुम्ही माझी जीभ वर करून बघत होता. आणि लगेच वर दोन चमचे हे पाजत होता."

भिकाजींनी बाटली खाली ठेवली. ते न्हाणीघरात पाय धुवायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. विमलाबाई दारात उभ्या होत्या. त्या लेकीला म्हणाल्या की बाबांना आता आणखी बोलू नको. तेजस्वी म्हणाली, मला दोन महिने सगळे बोलत होते तेव्हा तू कुठे होतीस. विमलाबाई भाकऱ्या करायला गेल्या.

तो शनिवार आला तेव्हा आंबा घाटात दरड कोसळून कोल्हापूरचा रस्ता बंद होता. डॉक्टर आले नाहीत. दवाखान्यातल्या माणसानं पुढच्या वेळेची नोंद केली, दोन आठवड्यांनंतरची. तिसरा रिपोर्ट आला होता, आठ पूर्णांक एक, तो जपून ठेवायला सांगितला.

सरबत बंद झालं, गोळ्या मात्र वाढवलेल्याच राहिल्या. दहाव्या दिवशी तेजस्वीला वहीतल्या ओळी दोन-दोन दिसायला लागल्या. तिला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. बाराव्या दिवशी कॉलेजच्या जिन्यावर पाय कुठे पडतोय ते कळेना, कठडा धरून उतरावं लागलं. बोलताना जीभ जड होत होती. शिपायानं दुसऱ्या शिपायाला कोपरानं ढोसलं ते तिनं बघितलं. गेले दोन महिने गोळ्या न घेणारी मुलगी होतो, आता दारू पिणारी झालो, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला इतकं थकल्यासारखं वाटलं की ती जिन्यातच बसली.

दवाखान्यात फोन केला तर माणूस म्हणाला, सर पुढच्या शनिवारी येतील. तिनं सांगितलं की थांबण्यासारखं नाही. तो म्हणाला, मग अशक्तपणा असेल, लिंबूपाणी घ्या. डॉक्टरांचा स्वतःचा नंबर लागेना. भिकाजींचं म्हणणं पडलं की अभ्यासाचं टेन्शन आलंय, दोन दिवस रजा घे. ते तसं म्हणाले आणि लगेच उठून मागच्या दारी गेले. आपल्या मताला आता किंमत नाही हे त्यांनाच जाणवलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीनं गोळ्या पुढे केल्या. तेजस्वीनं घेतल्या नाहीत.

"आधी रक्त देणार. मग कुणीतरी सांगेल त्याप्रमाणे घेणार," ती म्हणाली. शब्द एकमेकांत अडकत होते, पण म्हणणं स्पष्ट होतं.

भिकाजींचा हात तसाच पुढे राहिला. त्यांच्या आयुष्यात कुणी तिकीट काढायला नकार दिला असता तर त्यांनी गाडी थांबवली असती. पण त्यांनी मूठ मिटली, गोळ्या पट्टीजवळ ठेवल्या आणि रिक्षा आणायला गेले. लॅबच्या दारात तिनं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. ते थांबले.

मालिनीताईंनी तिला दारातून आत येताना पाहिलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या बोटाकडे बघ, म्हणाल्या. बोट बाजूला नेलं तशी तेजस्वीची नजर त्याच्यामागे थरथरत गेली. त्यांनी रक्त घेतलं, बाटलीवर तातडीची चिठ्ठी लावली आणि स्वतःच्या फोनवरून डॉक्टरांना फोन केला. त्यांचा नंबर बघून डॉक्टरांनी लगेच उचलला.

मालिनीताई जेवढ्यास तेवढंच बोलल्या. सरबत बंद होऊन तेरा दिवस, गोळ्या चार, डगमगतेय, डोळे थरथरताहेत. डॉक्टरांनी आजच्या दोन्ही वेळच्या गोळ्या थांबवायला सांगितलं, तिला घरात एकटं सोडू नका, उलट्या झाल्या किंवा फार झोपेत जायला लागली तर सरळ हॉस्पिटलात न्या, आणि रिपोर्ट आला की कितीही वाजता मला कळवा. तेजस्वीनं फोन मागून घेतला. तिला खूप काही बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली की सर, तुमच्या कागदावर लिहिलंय की मला समज दिली. ते खोडा.

डॉक्टर म्हणाले, "खोडतो. पुढच्या वेळी तुमच्यासमोर खोडतो."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. एकतीस. सरबतानं जे दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम वर आलं होतं. त्यानंतरचे चार दिवस ती घरातच होती. भिकाजी तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसत, आत येत नसत. ती भिंतीला धरून न्हाणीघराकडे निघाली की उठून उभे राहत आणि ती परत आली की बसत. पाचव्या दिवशी वहीतली ओळ एकच दिसायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा तीनवर आणल्या.

मग भिकाजींनी जे केलं त्यानं तेजस्वीची आणखी पंचाईत झाली. ते आत्याकडे गेले आणि सांगून आले की पोर गोळ्या घेत होती, चूक माझी होती. शेजारी सांगितलं. मुंबईला मामाला पुन्हा फोन झाला. कॉलेजात जाऊन प्राचार्यांना तर त्यांनी पाऊण तास शंखपुष्पी समजावून सांगितली. बाजूच्या टेबलावरची बाई आता तिला म्हणाली, "तुझे बाबा गो, किती साधे." तेजस्वीनं घरी येऊन सांगितलं की बाबा, पुरे, माझ्या रक्ताची चौकशी आता बाजारात मासळीवाल्या करतात. भिकाजी म्हणाले की चुकीचं तिकीट दिलं तर उतारूला गाठून बदलून द्यावं लागतं.

सप्टेंबरच्या शेवटी ती पुन्हा एकटी रक्त देऊन आली. भरतीची परीक्षा तोवर दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली होती. प्राचार्यांनी खिडकीचं दिवाळीनंतर बघू असं सांगितलं होतं, आणि तिनं ते लेखी मागितलं होतं, ते अजून मिळालं नव्हतं. रिपोर्ट फोनवर आला तेव्हा ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. भिकाजी नारळ सोलत बसले होते. ते विचारणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, गेला महिनाभर ते काहीच विचारत नव्हते, म्हणून तिनंच सांगितलं की चौदा आलाय.

भिकाजींनी कोयता खाली ठेवला.

"चौदा," ते म्हणाले. "म्हणजे वीसात चौदा. बरा हाय. पण सोळा-सतरापर्यंत जायला हवा होता."

"बाबा, ते मार्क नाहीत."

"नाय, पण आणखी थोडा वाढला तर चांगलाच ना?"

तेजस्वीनं हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि चिमटा लावला. हे तिनं त्यांना याआधी दोनदा समजावलं होतं. ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली, की दहाच्या खाली गेलं तर काय होतं, आणि वीसच्या वर गेलं तर काय होतं.